सरासरीचा आठवडा

इंदोऱ्याच्या तुळजाबाईचा हात मिलच्या वाइंडिंग खात्यात सगळ्यांत चपळ. धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी, सत्तावन्न साली, ती तिथे लागली, तेव्हापासूनच. कांडीवरचं सूत मोठ्या कोनावर चढवायचं, मध्येच तुटलं की चिमटीत धरून गाठ मारायची आणि दिवसाअखेर जेवढं वजन भरेल तेवढी मजुरी. तुटलेलं सूत लोंबकळताना दिसलं की तिला चैन पडत नसे. आपल्या हाताचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

सत्तर साली खात्यात नवी यंत्रं आली. यंत्रं वेगानं चालणार, बायकांची कमाई वाढणार, तेव्हा वजनामागचा दर उतरवू, असं मालकांनी ठरवलं. युनियन अडून बसली. शेवटी तोड निघाली, की आठवडाभर सगळ्यांचं काम मोजायचं आणि बायकांची सरासरी कमाई वाढलेली निघाली तरच दर उतरवायचा.

नळावर बायकांचं ठरलं की कांताबाईच्या पुढे कोणी जायचं नाही. कांताबाई खात्यात सगळ्यांत म्हातारी. तिला सूत धड दिसत नसे. दर उतरला असता तर तिचं खाण्यापुरतंही भागलं नसतं. सगळ्यांनी तुळजाबाईकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली, पण आपल्या हातांची तिला खात्री नव्हती.

त्याच संध्याकाळी खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, चंपतराव घरी आला. तुळजाबाईशी तो बोललाच नाही, तिच्या नवऱ्याशी बोलला. श्रावण कित्येक वर्षं बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर परत. बाईनं आठवडाभर नेहमीसारखा हात चालवला तर श्रावणला पर्मनंट करतो, असं चंपतराव सांगून गेला.

मग श्रावण म्हणाला, "मी तुले काही सांगत नाही. पण गेटवरून वापस येऊन येऊन माह्या जिवाले कटाळा आला वं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटवली.

सोमवारी काम मोजायला आलेला घड्याळवाला साहेब थेट तिच्याच मागे येऊन उभा राहिला. पहिलं सूत तुटलं आणि विचार करायच्या आत तिची गाठ मारून झाली. मग दुसरी, मग तिसरी. पलीकडच्या बायकांचं बोलणं थांबलं. कांताबाईनं मात्र मान वर केली नाही. डोळे बारीक करून ती आपला धागा शोधत राहिली. आणखी एक सूत तुटलं. तुळजाबाईचा हात उचलला गेला होता. तिनं तो मागे ओढला आणि पदराला पुसत राहिली. समोर एकेक कोन थांबत गेला.

चंपतराव धावत आला. "काय करून राहिली तू? काहून उभी आहे?"

"हात चालून नाही राहिला," ती म्हणाली. "नव्या मशीनची सवय नाही."

आठवडाभर ती तशीच अडखळत राहिली. सरासरी निघाली ती जवळपास जुन्या कमाईएवढीच. दर तसाच राहिला. लगेच तुळजाबाईला कापसाचा कचरा वेचायच्या खात्यात टाकलं. तिथे रोजंदारी, तीही कमी. बायका युनियनकडे गेल्या. युनियन म्हणाली, बघू.

श्रावण तिच्याशी बोलेना. मग एकदा जेवताना त्यानं विचारलं, की पहिल्या गाठी तरी काहून मारल्या.

"मी नाही मारल्या. हातानं मारल्या."

तो हसला नाही, पण ताट पुढे ओढून जेवला. पुढे कोराडीच्या वीजघराचं बांधकाम निघालं, तिथे त्याला काम लागलं.

चंपतराव रिटायर झाल्यावर तुळजाबाई परत वाइंडिंगमध्ये आली. कांताबाई केव्हाच गावी निघून गेली होती. खात्यात नव्या पोरी होत्या, सरासरी चांगलीच वर गेली होती. कचरा वेचून तुळजाबाईची बोटं जाड झाली होती, चिमटीत सूत ठरेना. महिनाअखेर तिची कमाई सरासरीच्या खाली भरली. शेजारची पुष्पलता न विचारता तिच्या गाठी मारू लागली, तेव्हा तिनं त्या पोरीचा हात बाजूला केला.

"माह्यं सूत मले बांधू दे वं."

वर्षभरात हात थोडा सुटला. पहिल्यासारखा मात्र कधीच नाही.