समुद्रावरची सवाष्ण

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब पडतो. विहीर, नाला आणि तलाव एवढ्यावर आमचं पाण्याचं शिक्षण संपतं. आणि तरीही जहाजावर राबणाऱ्या माणसांशी या देशात कुणाची सर्वांत जास्त ओळख असेल, तर ती नागपुरातल्या एका माणसाची आहे, आणि तो माणूस माझा साडू आहे हे माझं प्रारब्ध. त्यांच्या फोनमध्ये इंडोनेशियाचा इंजिनवाला आहे, गोव्याचा बारवाला आहे, नेपाळचा पहारेकरी आहे. या मंडळींशी ते रोज सकाळी अंगणात येरझारा घालत बोलतात, तेही अशा आवाजात की फोन नसता तरी चाललं असतं. इंग्रजी त्यांना येत नाही. हिंदी सावकाश आणि जोरात बोलली की जगात कुणालाही कळते, असा त्यांचा विश्वास आहे, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की ती खरंच कळते. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझी जहाजावर कुणाशी ओळख झाली नाही.

या सगळ्याचं मूळ हिंगण्याच्या कारखान्यात आहे. साडू तिथे सुपरवायझर होते आणि तीस-पस्तीस वर्षं कंपनीच्या बसने गेले-आले. त्यामुळे माणसांची जात, धर्म, देश असल्या विभागण्या त्यांना पटत नाहीत. त्यांच्या लेखी माणसं तीनच प्रकारची, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट आणि थर्ड शिफ्ट. हॉटेलात गेलो की आम्ही मेनू बघतो, साडू वेटरचे डोळे बघतात आणि विचारतात, "काहून गा, डबल करून राहिला का?" तो बिचारा हो म्हणाला की साडू उठून आपल्या हाताने पाणी घेतात, आणि मग आमच्या टेबलावर कुणीच काही मागायचं नाही असा नियम होतो. एकदा वाडीला एका गोडाऊनसमोर त्यांनी एका ट्रकवाल्याला झोप येतेय असं ठरवून स्वतःच्या स्कूटरवर चहाला नेलं, आणि इकडे ट्रकमुळे अडकलेल्या लोकांची समजूत मी घालत बसलो. साडूंनी माणसं जोडायची आणि मी ती निस्तरायची, ही आमची कामाची वाटणी तेव्हापासूनची आहे.

ते पहिल्यांदा जहाजावर गेले ते ताईंबरोबर. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मुलाने आईबापाला सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजाची तिकिटं काढून दिली. लोक जहाजावर समुद्र बघायला जातात. साडूंनी तो एकदा बघितला, 'भरपूर आहे' असा शेरा दिला आणि पाठ फिरवून कामगारांच्या शिफ्टा समजून घ्यायला लागले. संत्रा बर्फीचे डबे त्यांनी इथूनच नेले होते, ते खलाशांत वाटले. जेवणाच्या दालनात दुसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. आपण बसून खायचं आणि दुसऱ्याने उभं राहून वाढायचं, हे घरच्या पंगतीत वाढप्याचं काम केलेल्या माणसाला सोसत नाही. ते उठले, वेटरच्या हातातला भाताचा डाव घेतला आणि शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याला आग्रह करू लागले. ताटावर आडवा हात धरणे म्हणजे 'आणखी वाढा' हा आपला अर्थ जर्मनांना ठाऊक नव्हता. त्या गृहस्थाने शेवटी पोट फुटेस्तोवर भात खाल्ला आणि जाताना साडूंना मिठी मारली. निघताना साडूंनी सगळ्या जहाजाला नागपूरला यायचं आमंत्रण दिलं, आणि सवड कधी काढावी असं कुणी विचारलं तर मे महिना सांगितला, कारण तेव्हा घरी पाहुण्यांसाठी आंबे असतात.

त्या प्रवासात ताईंना मात्र बोट लागली. त्या खोलीतून उठेनात, पाण्याचा घोट टिकेना. तेव्हा जेवणघरात वाढणारी फिलिपिन्सची एक बाई, साडू तिला मारीबाई म्हणतात, स्वतःची सुट्टी मोडून ताईंसाठी मऊ भात आणि हिरवं सफरचंद घेऊन यायची. लहान लेकराला भरवावं तसा एकेक घास तिने ताईंना खायला लावला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी घरी आल्यावर ताईंकडे तिच्या दोन मुलींची, सासूची आणि नवऱ्याच्या कोंबड्यांची खडान्‌खडा माहिती होती. साडूंची मैत्री गावभर असायची, ताईंनी आयुष्यात मोजक्याच मैत्रिणी केल्या. त्यातली ही शेवटची.

गेल्या वर्षी ताई गेल्या. रामदासपेठेत एका हॉस्पिटलमध्ये होत्या. ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून तोंडाने काही द्यायचं नव्हतं. ताईंनी साडूंकडे थोडासा वरणभात मागितला. साडू म्हणाले, उद्या देतो. ताईंचा तो उद्या उजाडला नाही. यात कुणाचीच चूक नव्हती, आणि हे आम्ही त्यांना इतक्या वेळा सांगितलं की आता सांगायलाही कंटाळा येतो. "डॉक्टर बरोबरच होते गा," ते दर वेळी म्हणतात, "पण उपाशी गेली ती."  ताई गेल्यापासून ते स्वतः जेवायला बसत, दोन घास उरकत आणि ताट सरकवून देत. जगाला आग्रह करणाऱ्या माणसाला आग्रह करायची आम्हाला सवय नव्हती, आणि आमचा आग्रह त्यांच्यावर चालतही नव्हता.

यंदा पावसाळ्यात मारीबाईचा निरोप आला की ती पुन्हा त्याच जहाजावर रुजू झालीय, आणि ताई कशा आहेत. साडूंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि दोघांची तिकिटं काढली म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, माझे गुडघे गेले, मला बोट लागते, मला समुद्राचं कौतुक नाही, तुम्ही तिला फोनवर सांगा. ते म्हणाले, "फोनवर सांगायची गोष्ट आहे का हे? तिनं हातानं खाऊ घातलं तिले." मी बॅग भरली. माझ्या वयात माणूस वाद जिंकण्यापेक्षा बॅग भरणं पत्करतो.

मारीबाईला ते सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. पहिल्या सकाळी ती हसत आमच्या टेबलाशी आली, साडूंशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तिने ताईंबद्दल विचारलं, आणि साडू, ज्यांना कधी गप्प बसवता आलं नाही, ते मिठाच्या बरणीकडे बघत राहिले. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने हातातला ट्रे खाली ठेवला आणि साडूंचा हात धरून उभी राहिली. मागून तिचा साहेब येऊन उभा राहिला तरी तिने तो सोडला नाही.

त्याच दुपारी माझ्या बायकोचा फोन आला. परवा अविधवा नवमी, ताईंची पहिलीच, सवाष्ण म्हणून कुणाला सांगितलंय, असं ती विचारत होती. साडूंचा चेहरा उतरला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षात त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची, हे ते वर्षभर घोकत होते. उपाशी गेलेल्या ताईंना काही पोचवायची ही एकच वाट त्यांना दिसत होती. आणि मारीबाईला भेटायच्या घाईत त्यांनी जहाजाची तारीख पाहिली, पंचांग पाहिलंच नाही. अशी चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो, आणि तिचं प्रायश्चित्तही आमच्याकडच्याच दुसऱ्या माणसाला भोगावं लागतं. बायको म्हणाली, मी इथे घरी कुणाला तरी जेवू घालते. साडूंना ते पटेना. 'उद्या देतो' हा शब्द ताईंना त्यांनी दिला होता, माझ्या बायकोने नव्हे.

सवाष्ण म्हणून त्यांच्या मनात मारीबाईच होती. मी तिच्या साहेबाला गाठून समजावलं. तो भला माणूस होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कामगाराने प्रवाशाबरोबर टेबलावर बसायचं नाही, हा नियम आहे, मोडला तर तिची नोकरी जाईल. साडूंनी मान डोलावली. शिफ्टचा नियम त्यांना कळतो.

मग पुढचा अख्खा दिवस आम्ही दोन म्हातारे जहाजभर सवाष्ण शोधत हिंडलो. परक्या बायकांना नवरा आहे का, तो जिवंत आहे का, असं अदबीने विचारायचं इंग्रजी वाक्य मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात शिकवलं नव्हतं. एक ऑस्ट्रेलियन बाई आनंदाने तयार झाल्या, पण त्यांचा हा तिसरा नवरा निघाला आणि पहिल्या दोघांपैकी एक वारलेला. साडू बोटांवर नवरे मोजत म्हणाले, हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं नाही. दुसरी बाई एका गृहस्थाबरोबर तरुणपणापासून सुखाने राहत होत्या, लग्न तेवढं राहून गेलं होतं. सुरतेच्या एका काकू सगळ्या बाजूंनी योग्य होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, शेजारी धडधाकट काका. पण श्राद्धाचं जेवण म्हटल्यावर त्या हळूच उठून डेकवर वारा खायला गेल्या. संध्याकाळी माझे पाय सुजले होते. मी म्हटलं, भाऊ, पुढच्या वर्षी करू, देव समजून घेईल. ते म्हणाले, "देव घेईल गा. माहं मन नाही घेत."

नवमीच्या दिवशी जहाज पेनांगला लागलं. बंदराबाहेर पडताना आम्ही बघितलं तर भिंतीच्या सावलीत, झाडाखाली, कट्ट्यावर, जहाजावरची कितीतरी कामगार मंडळी फोन घेऊन बसली होती. तिथे फुकट इंटरनेट मिळतं, म्हणून सुट्टीचे दोन तास ती माणसं गाव बघत नाहीत, घर बघतात. त्यांतच साध्या कपड्यांत मारीबाई बसली होती. साडू थबकले. इथे टेबल नव्हतं, साहेब नव्हता आणि तिची शिफ्टही नव्हती. मला तिथेच उभं करून, तिला उठू देऊ नको असं बजावून, ते उन्हातून जवळजवळ पळतच गेले.

ते आले तेव्हा हातात एका तमिळ खानावळीतलं पार्सल होतं. केळीचं पान, भात, वडे, खीर, आणि शेजारच्या दुकानातून कुंकवाची डबी, खण आणि केळी. पुरण नव्हतं याची त्यांना खंत होती. मी म्हटलं, खानावळवाल्याची बायको कुंकू लावून गल्ल्यावर बसली असेल, तिलाच का नाही विचारलं? ते म्हणाले, "पाहिली ना. पण तिनं माह्या बायकोले कुठं भरवलं होतं?" मारीबाईला मी सगळं समजावलं. ती ऐकत होती आणि तिच्या पाण्याच्या बाटलीला टेकून उभ्या केलेल्या फोनमधून तिचा नवराही ऐकत होता, पाठीमागे कोंबड्या फिरत होत्या. साडूंनी वाकून फोनला नमस्कार केला, नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आहे गा. डोळ्यानं पाहून घेतलं." कुंकवाची डबी त्यांनी तिच्या हातात दिली. तिच्याजवळ आरसा नव्हता. तिने फोनकडे तोंड केलं, आणि नवरा हसत हसत तिकडून सांगत राहिला, जरा वर, जरा मधे. साडूंनी तिच्यापुढे खण आणि केळी ठेवली, कट्ट्यावर पान मांडलं, आणि वाढलं.

ती जेवली. चमचा बाजूला ठेवून हाताने जेवली. साडू उकिडवे बसून वाढत होते, खीर पुन्हा, वडा पुन्हा, आणि ती पानावर आडवा हात धरत होती आणि ते पुन्हा वाढत होते. मध्येच फोनमधून नवऱ्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. काय म्हणाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, तो रोज फोन लागला की पहिल्यांदा हेच विचारतो, जेवलीस का. बहुतेक वेळा तिचं झालेलं नसतं, वेळ मिळत नाही, तरी ती हो सांगते, कारण इतक्या लांब बसलेल्या माणसाच्या हातात दुसरं काय असतं. आज पहिल्यांदा तो बघत असताना ती खरं बोलली.

मी हे साडूंना मराठीत सांगितलं.  ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून फोनजवळ गेले आणि त्या माणसाला, ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, अगदी हळू आवाजात म्हणाले, "काळजी नको करू गा. जेवली ते. माह्यासमोर बसून जेवली. पोटभर."

त्या नवऱ्याने मान हलवली, जणू कळलं. मारीबाईने माझ्याकडे भाषांतरासाठी पाहिलं नाही. साडू तिथेच कट्ट्यावर टेकले. पार्सलात थोडा भात उरला होता. तो त्यांनी कागदावर घेतला आणि कुणी न सांगता खायला लागले, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत.