नात्याचा रकाना

आमच्या सरकारी दवाखान्यात भेटीचे पास देणाऱ्या कारकुनाला सगळे मोतीराव म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटात. अक्षर सुंदर म्हणून मोतीराव. मोती हे कुत्र्याचंही नाव असतं, असं मी पहिल्याच दिवशी त्यांना चिडवलं होतं. "म्हणूनच दारावर बसवलंय," ते म्हणाले.

मी शेजारच्या केसपेपरच्या खिडकीवर. मध्ये एक तडकलेली काच, त्यामुळे बावीस वर्षांत त्यांचं काही माझ्या कानांतून सुटलं नाही. घरी ते एका शिंप्याबरोबर राहत. कोणी विचारलं की सांगत, "मावसभाऊ आहे." आम्ही मान डोलवायचो आणि त्यांची पाठ वळली की एकमेकींना डोळे मिचकावायचो. मीसुद्धा. आता स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा चहाबरोबर तेवढीच करमणूक.

पासावर नात्याचा रकाना असतो. वॉर्डात रुग्णाजवळ एकच माणूस, तोही नात्यातला. दोन पुरुष किंवा दोन बायका खिडकीशी येऊन अडखळल्या की मोतीराव ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि सुबक अक्षरात लिहीत, मावसभाऊ. किंवा मावसबहीण. सख्ख्या भावाकडे लोक पुरावा मागतात, मावसभावाला कोण विचारतंय, असा त्यांचा हिशेब. कितीतरी माणसं त्या एका शब्दावर आत गेली.

दोन महिन्यांपूर्वी परिपत्रक आलं. रुग्ण सांगेल तेच नातं लिहायचं, जोडीदार म्हणाला तर जोडीदार. त्यावरून रुग्णाला, नातेवाइकाला किंवा कर्मचाऱ्याला कुणी अडवलं, हिणवलं, तर कारवाई. फलकावर लागलं त्याच दिवशी कुणीतरी त्यावर घाणेरडं चित्र काढलं. मोतीरावांनी ते पाहिलं आणि मावसभाऊच लिहीत राहिले.

मग तो मंगळवार. अकरा वाजता एका बसचालकाचं पोटाचं ऑपरेशन होतं. सोबत असलेल्या वायरमनला आदल्या दिवशी मोतीरावांनीच पास दिला होता. साडेदहाला बसचालकाचा थोरला भाऊ उगवला, आठ वर्षांनी. त्याने पास वाचला, वॉचमनमामांना बोलावलं आणि वायरमनला दंडाला धरून खिडकीपर्यंत ओढत आणलं.

"मावसभाऊ? अहो, आमच्या आईला बहीणच नाही! खोटा पास आहे हा. पोलिसांना बोलवा."

वायरमन पांढराफटक पडला होता. "वर त्याला आत न्यायला निघालेत," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी दाराशी असेन म्हणून शब्द दिलाय त्याला."

मेट्रनबाई खाली आल्या. बाई कडक, पण मोतीरावांना मानत. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"यानं तुम्हाला खोटं नातं सांगितलं, असं लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही."

घड्याळात अकराला दहा कमी. खरं सांगते, माझ्या मनात आलं, लिहून टाका मोतीराव आणि सुटा. वायरमन काय, उद्या दिसणारही नाही.

मोतीरावांनी पेन उचललं. टोपण काढलं. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि पास ओढून घेतला.

"यानं खरं तेच सांगितलं होतं, बाई. खोटं मी लिहिलं."

"तुम्ही? का पण?"

"सवयीनं. घरी शिंपी आहेत ना, ते माझे मावसभाऊ नाहीत. जोडीदार आहेत. बावीस वर्षं."

थोरला भाऊ फिस्सकन हसला. "वा! कुंपणच शेत खातंय इथं."

मामाही हसायला लागले, आणि माझं डोकंच फिरलं. "मामा, दात मिटा!" मी काचेवर हात आपटून ओरडले. "परिपत्रक वाचलंय ना?"

मेट्रनबाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी वर फोन लावला. "रुग्ण शुद्धीत आहे ना? मग त्यालाच विचारा, दाराशी कोण हवंय आणि तो कोण लागतो." आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे. थोड्या वेळानं त्यांनी तो खाली ठेवला.

"जोडीदार, म्हणतोय. लिहा."

मोतीरावांनी जुना शब्द खोडला, नवा लिहिला, शेजारी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. वायरमन जिन्याकडे धावला. थोरला भाऊ त्याच्यामागे निघाला तसं मामांनी त्याला बाकावर बसवलं. दुपारी चुकीच्या नोंदीबद्दल मोतीरावांना मेमो मिळाला. तो त्यांनी मुकाट्यानं घेतला.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी वायरमन खिडकीशी आला. मला वाटलं, आभार मानेल.

"साहेब, काल मी घरून ठरवून आलो होतो," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर तो शब्द उच्चारला. तुम्ही मान वर केली नाहीत, भलतंच लिहिलंत. रात्रभर वाटत राहिलं, यांना माझी लाज वाटली."

या वेळी मोतीरावांनी मान वर केली.

"तुमची नाही हो," ते म्हणाले. "माझीच."