गोळ्या चालू होत्या तेव्हा

धाकटी आठ महिन्यांची होती तेव्हा मला रेल्वेचं फाटक ओलांडायची भीती वाटायला लागली. चिंचवडला आमच्या दोन खोल्या रुळांच्या एका अंगाला आणि माझ्या कंपनीची बस थांबायची ती जागा दुसऱ्या अंगाला, त्यामुळे दिवसातून दोनदा फाटक लागायचंच. गाडी येताना दिसली की मी मागे सरून चहाच्या टपरीचा खांब धरून उभी राहायचे. भीती गाडीची नव्हती. आपण काय करून बसू, याची होती.

हे मी यजमानांना सांगितलं ते एका रविवारी, भांडी घासता घासता, त्यांच्याकडे न बघता. ते एका इंजिनिअरिंग कंपनीत लेथवर होते. बोलणं मुळात कमी. त्याआधीचे दोन-अडीच महिने त्यांनी पाहिलेच होते: पहाटे चारला मी उठून बसलेली, तव्यावर भाकरी करपतेय आणि मी तिच्याकडेच बघतेय, पोरगी रडून रडून लाल झालीय आणि माझा हात उचलत नाही. सासूबाई म्हणायच्या, बाळंतपणाचा अशक्तपणा हाय, डिंकाचे लाडू खा. फाटकाचं ऐकल्यावर ह्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांच्या कंपनीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मला पुण्याला नेलं.

पुण्यातले डॉक्टर वयस्कर होते. जिना चढून वर गेलो तर बाकड्यावर आधीच चार माणसं बसलेली. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, हे मी लोकलमध्ये ठरवून ठेवलं होतं: मावशीला दाखवायला आणलंय. त्या काळात आमच्याकडे वेडाच्या डॉक्टरचं नाव काढलं की पुढचा शब्द येरवडा, आणि त्याच्या पुढचा शॉक. वीज लावतात, माणूस स्वतःचं नाव विसरतो, असं बायका सांगायच्या. आत जाताना मी ह्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती.

वीज-बीज काही नव्हतं. डॉक्टरांनी झोपेचं, भुकेचं विचारलं, फाटकाचं दोनदा विचारलं. ह्यांना विचारलं, काय काम करता, पगार वेळेवर होतो का, दारू पिता का. मग गोळ्या लिहून दिल्या. रात्री जेवण झाल्यावर एक, आठवड्यानं दोन, मग तीन. पोरीला अंगावरचं बंद करून वरचं दूध लावायचं. ते म्हणाले, ‘‘आधी त्रास होईल, गुण नंतर येईल. तीन आठवडे थांबायचं. मधेच सोडायच्या नाहीत.’’ कागदावर आजाराचं नाव इंग्रजीत होतं. परतताना ह्यांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं. डिप्रेशन. हा शब्द ह्यांना रेडिओवरच्या इंग्रजी बातम्यांमुळे माहीत होता, समुद्रावरच्या वादळाचा म्हणून. घडी करून त्यांनी कागद खिशात घातला आणि म्हणाले, ‘‘घरी विकनेस सांगू.’’

सासूबाईंना विकनेस पटला, पण पोरीचं दूध तोडलेलं पटलं नाही. त्या मावळातल्या. पोरगी बाटलीला तोंड लावेना तेव्हा तिला खांद्यावर टाकून त्या अंगणात फेऱ्या घालायच्या आणि मला ऐकू जाईल इतपत पुटपुटायच्या की आईच्या गोळ्यांपायी लेकराचं तोंड तुटलं. मला राग यायला हवा होता. तेवढंसुद्धा बळ नव्हतं.

त्रास डॉक्टर म्हणाले तसा आधी आला. पहिल्यांदा तोंड कोरडं पडलं. कोरडं म्हणजे कसं, तर जीभ टाळ्याला चिकटायची आणि बोलायच्या आधी ती सोडवावी लागायची. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. मी सगळं आमटीत कुस्करून खायला लागले. मग पोट साफ होईना, त्यावर सासूबाईंचं एरंडेल. अंथरुणातून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तळहाताला घाम. छातीत मधेच धडधड सुरू व्हायची आणि ती आजाराची की गोळीची, हे कळायला मार्ग नव्हता. हे सगळं मी सोसलं असतं. पण दुसरी गोळी सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि सुईचं नेढं मला दिसलंच नाही.

मी काय काम करत होते हे इथं सांगायला हवं. भोसरीच्या बाजूला एक लहानशी खाजगी औषध कंपनी होती, आता ती नाही. तिथं इंजेक्शनच्या काचेच्या बारीक कुप्या भरायच्या. भरून, तोंड वितळवून बंद केल्या की त्या आमच्या टेबलावर यायच्या. टेबलावर बल्ब, त्याच्यामागे अर्धा पडदा काळा, अर्धा पांढरा. दोन बोटांत कुपी धरायची, उलटी करायची, सुलटी करायची आणि आत तरंगणारं काही दिसतंय का बघायचं. काळ्यावर पांढरा धागा दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. सगळ्यात वाईट काचेचा तुकडा, तो क्षणभरच चमकतो. दिसला की कुपी लाल डब्यात. आमच्या ओळीत सहाजणी होत्या आणि सगळ्यात चांगली नजर माझी, असं आमच्या सुपरवायझर बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या. घरात मी कुणाची तरी सून होते, बायको होते. त्या टेबलावर मात्र मला मान होता.

आता त्या टेबलावर मी बसले की कुपीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायच्या. लांबचं घड्याळ स्पष्ट दिसायचं, हातातलं दिसायचं नाही. मी कुपी लांब धरून पाहिली, डोळे बारीक करून पाहिलं. बोटं थरथरायची आणि कुपी ट्रेच्या पत्र्यावर वाजायची. शेजारणीनं एकदा वळून बघितलं तेव्हापासून मी ट्रेमध्ये रुमाल अंथरायला लागले. संशय आला की कुपी लाल डब्यात टाकायची, असं सुरुवातीला ठरवलं. पण माझा लाल डबा सगळ्यांच्या आधी भरायला लागला आणि ते कुणाच्या तरी लक्षात येणार होतं. मग मी उलट केलं. पास करत सुटले. दिवसभर मनात एकच: ही कुणाला टोचणार? कुणाच्या लेकराला?

बाई अधूनमधून परीक्षा घ्यायच्या. खोट असलेल्या दहा कुप्या, बुडाला बारीक खूण करून, आमच्या ट्रेमध्ये मिसळायच्या. मी दहाच्या दहा काढायची. त्या वेळी मी चार काढल्या. बाईंनी उरलेल्या सहा माझ्यासमोर ठेवल्या. त्या अविवाहित, शिकलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी विचारलं की पोरगी झोपू देत नाही का. मी हो म्हणून मान हलवली. लवकर झोपत जा, एवढंच बोलून त्या पुढं गेल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटलेली होती, पण ते कारण नव्हे. वेडी म्हणून नोकरी जाईल, हे कारण.

त्या दिवसापासून मी गोळ्या थुंकायला लागले. जेवण झालं की हे स्वतः गोळ्या हातावर ठेवायचे आणि पाण्याचा तांब्या द्यायचे. मी त्या जिभेखाली धरून मोरीत जायची. लाळ नसल्यामुळे त्या चिकटून बसायच्या, वरचं वेष्टण सुटून तोंड कडूजार व्हायचं. चूळ भरून सगळं वाहून जाईल असं बघायची. पाचव्या दिवशी डोळे साफ झाले. काळ्या पडद्यावरचा धागा मला पूर्वीसारखा दिसला आणि मी आनंदानं जवळजवळ रडले. पण त्याच आठवड्यात मळमळ सुरू झाली, झोप पार गेली, अंगात आतून कुणी तरी चालत असल्यासारखं व्हायला लागलं. आठव्या दिवशी सकाळी फाटकाजवळ मालगाडीचा आवाज आला आणि माझ्या पायांनी एक पाऊल पुढं टाकलं. एकच. मी तिथंच मातीत बसले. टपरीवाल्यानं पाणी आणून दिलं. बस निघून गेली. मी घरी परत आले.

सासूबाई दारात पोरीला भरवत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी वाटी खाली ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, ‘‘गोळी थुकतीस ते ठाव हाय मला. मोरी मीच धुती.’’

मला वाटलं आता ह्यांना सांगणार. त्यांनी सांगितलं ते वेगळंच. मी थुंकते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि बरंच वाटलं होतं, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. एवढं बोलून त्या आत गेल्या, फळीवरची पुडी काढली आणि पाणी घेऊन आल्या. ‘‘ती घेत व्हतीस तवा निदान उठून चालत तरी व्हतीस. तोंड बघ तुझं कसं झालंय. घे.’’ मी म्हटलं, आत्या, ती रात्रीची आहे. त्या म्हणाल्या, मग रातीला माझ्यासमूर घ्यायची.

म्हणजे डोळे राखायचे तर मी राहत नव्हते, आणि मी राहायचं तर डोळे जात होते. हे मला त्या दुपारी पोरीशेजारी पडल्यापडल्या कळलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले आणि टेबलावर न बसता थेट बाईंच्या केबिनमध्ये. पुडी रुमालात बांधून नेली होती. काय सांगायचं ते पाठ केलेलं, पण तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य शेवटचंच निघालं: मला दिसत नव्हतं आणि मी पास करत होते.

बाईंनी पुडी उलगडून नाव वाचलं. मी वाट बघत होते की त्या आता आजाराचं विचारतील. त्यांनी विचारलं, ‘‘कोणत्या तारखेपासून?’’

मी तारीख सांगितली. त्यांनी वही काढली. त्या तारखेपासून माझ्या हातून गेलेल्या पेट्यांचे नंबर त्या उतरवत गेल्या आणि मी समोर उभी. पानाचा आवाज, पेनाचा आवाज. मग म्हणाल्या, ‘‘ह्या गोळ्यांनी जवळचं अंधुक दिसतं. पुढं कमी होतं. पण सांगायचं लगेच. परीक्षेच्या दिवशीच सांगायचं.’’ मी हो म्हटलं. नोकरीचं विचारायचं धाडस झालं नाही. त्याच म्हणाल्या की आजपासून पॅकिंगला बसा, खोकी चिकटवायला डोळे लागत नाहीत.

कारण न सांगता त्यांनी सगळ्या ओळीला जुन्या पेट्या पुन्हा तपासायला लावल्या. तीन दिवस. बायका कुरकुरल्या, मग ओव्हरटाइम मिळणार कळल्यावर गप्प झाल्या. मी पलीकडे खोकी चिकटवत होते आणि लाल डब्यात कुपी पडल्याचा बारीक आवाज आला की माझा हात थांबायचा. तिसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, सापडल्या का. म्हणाल्या, सापडल्या. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक लॉट मात्र आधीच बाहेर गेला होता. त्यातल्या नमुना म्हणून कंपनीत राखून ठेवलेल्या कुप्या बाईंनी स्वतः तपासल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या, असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. त्यांचा खोटं बोलायचा स्वभाव नव्हता. तरी कित्येक महिने पेपरात कुठं इंजेक्शननंतर माणूस दगावल्याची बातमी दिसली की मी गावाचं नाव बघायची आणि आमचा माल तिकडं जातो का ते आठवत बसायची.

पुण्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते रागावतील वाटलं होतं. त्यांनी माझा कागद काढला, बघितला आणि मला दाखवला. व्यवसायासमोर लिहिलं होतं: गृहिणी. ‘‘तुम्ही काय काम करता हे मी विचारलंच नव्हतं,’’ ते म्हणाले. त्यांनी ते खोडून नवीन लिहिलं, गोळी एकानं कमी केली आणि पुढच्या वेळेपासून दर खेपेला डोळ्यांचं विचारलं.

गुण आला तो कुठल्या एका दिवशी आला असं सांगता येणार नाही. एकदा मेथीची भाजी खाताना मीठ कमी असल्याचं मला कळलं, आणि मी ते बोलून दाखवलं. ह्यांनी ताटावरून मान वर करून बघितलं. पुढं केव्हा तरी थोरलीनं शाळेतली काही नक्कल करून दाखवली आणि मी हसले, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कोण हसलं ते बघायला. वजन बरंच वाढलं, ब्लाउज उसवून मोठे करावे लागले. बायका म्हणायच्या, संसार मानवला. तोंडाचा कोरडेपणा शेवटपर्यंत गेला नाही.

गोळ्या सव्वा वर्ष चालल्या. सुरू करताना भीती होती तशी बंद करताना आली. डॉक्टर म्हणाले आता अर्धी करू, तर मी महिनाभर अख्खीच घेत राहिले. सासूबाईंनी तोवर खंडोबाला बोललेला नवस फेडला होता आणि बरं वाटलं ते त्यानंच, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मी कधी खोडलं नाही. बाईंनी मला पुन्हा टेबलावर बोलावलं होतं, डोळे आता चांगले झाले म्हणून. मी पॅकिंगलाच राहिले, कंपनी बंद होईपर्यंत.

घरात मात्र एक गोष्ट राहून गेली. मी कधी नुसती गप्प बसले, दमून किंवा सहजच, तरी सगळे बोलायचे थांबत. हे पेपर खाली घेत. पोरी मोठ्या झाल्या तरी दारातून डोकावून जात, आणि त्यांना काय बघायचंय ते त्यांनासुद्धा नीट माहीत नसे. तेव्हापासून मला सवय लागली. एकटी बसायचं असलं की मी हातात काही तरी घेते, लसूण सोलते, डबे वाजवते, ज्वारी पाखडते. आवाज चालू असला की त्यांना बरं वाटतं.