काही विशेष नाही

आमच्याकडे धंदा बरा चाललाय असं कुणी तोंडाने म्हणत नाही. अकोल्याच्या फूलबाजारात झेंडूचा अख्खा टेम्पो सकाळीच विकून मोकळा झालेल्या माणसाला विचारा, कपाळाला आठ्या घालून तो म्हणेल, "काई खरं नाई यंदा." ऐकणारा समजून जातो. मग चहा मागवला जातो, ऐकणारा जवळ सरकून म्हणतो, "खरं सांग न बे," आणि तेव्हा कुठे खरं बाहेर येतं. बाबांनी मला फुलं खुडायला शिकवलं, तसंच हेही शिकवलं. चांगलं चाललं की गप्प राहायचं, नाहीतर नजर लागते.

माझा फुलपुडीचा धंदा आहे. बाळापूर रोडवरच्या आमच्या शेतातली आणि शेजाऱ्यांची फुलं पानात बांधायची आणि पहाटे घरोघरी दाराला अडकवायची. अकोल्यात जम बसला, मग अमरावतीतही रतीब सुरू केला. त्यापुढे कसं जायचं ते कळेना, आणि घरात सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून एमबीएची परीक्षा दिली. पुण्याच्या एकाच कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मला ती जागा हवी होती. इतकं काही मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

मुलाखत ऑनलाइन होती. आवाज नको म्हणून बाबांनी विहिरीवरची मोटर बंद केली आणि बाहेर ओसरीवर बसून राहिले. पडद्यावर तीन चेहरे होते. त्यातल्या टक्कलवाल्या सरांनी सरळच विचारलं, धंदा कसा चाललाय?

आरशासमोर घोकलेलं सगळं डोक्यात हजर होतं. तोंडातून निघालं, "काही विशेष नाही सर, चाललंय आपलं." मी इंग्रजीत म्हणाले, पण म्हणाले हेच.

आणि थांबले. आता ते पुन्हा विचारतील, मग अमरावतीचं सगळं सांगायचं. सरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. शेजारच्या मॅडम गोड हसल्या आणि कुठल्याशा सरकारी योजनेबद्दल विचारू लागल्या. शेवटी मीच म्हणाले, सर, धंद्याबद्दल थोडं सांगू का? तर वेळ संपली होती.

मला त्यांचा राग आला, तो अजून आहे. धंदा शिकवायला बसलेली माणसं आणि धंदेवाल्याला एकदाच विचारतात? पावशेर शेवंती घेणारी बाईसुद्धा याहून जास्त चौकशी करते. अमरावतीला मी परीक्षेच्या तयारीचा क्लास लावला होता, तिथल्या एकाने याच मुलाखतीत अजून न काढलेल्या कंपनीच्या बढाया मारल्या. त्याला घेतलं.

लॅपटॉप मिटला तसे बाबा आत आले. काय विचारलं, मी काय बोलले, सगळं ऐकून घेतलं आणि खूश झाले.

"बरं केलं माय. परक्या माणसाले सारं काहून सांगा लागते?"

मी विहिरीवर जाऊन मोटर पुन्हा सुरू केली.

निकाल फोनवर आला तेव्हा आम्ही बाजारात होतो. बाबा गिऱ्हाइकाला शेवंती तोलून देत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, "बाबा, नाई झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या दुकानदाराकडे, आणि ओठ दाबून हसले. "बरं बरं," हळूच म्हणाले, "इथं नोको बोलू."

घरी जाताना मोटरसायकलवर मागून मी पुन्हा सांगून पाहिलं. वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नाही. मिठाईच्या दुकानाशी गाडी थांबवून त्यांनी पेढे घेतले. घरी आल्यावर पुडा आईच्या हातात दिला, दार लावून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"हं. आता खरं सांग."

मी तेच पुन्हा सांगितलं.