झाकलेला केक

सूर्यमाळच्या पाड्यावरची फागी जव्हारच्या बेकरीत केकवर रंग फवारायची आणि तिच्यासारखा हात जव्हार-मोखाड्यात दुसरा नव्हता. हे कौतुक म्हणून सांगायचं नाही. त्या हातानंच तिचा घात केला.

हात बसला ठाण्यात. लग्नानंतर ती आणि नवरा बुध्या तिकडे कामाला गेले, तो रेतीवर, ती एका बेकरीत ट्रे घासायला. एकदा तिथल्या उस्तादाचा अंगठा भाजला, तेव्हा त्यानं नाइलाजानं रंगाची गन तिच्या हातात दिली. पेनाएवढी वस्तू, वर थेंबभर रंगाची वाटी, मागे हवेची नळी. बोट जरा दाबलं की धुकं, जास्त दाबलं की डबकं. फागीनं क्रीमच्या गुलाबाला कडेला लाल आणि आत फिकट गुलाबी असा रंग चढवला, तेव्हा उस्ताद म्हणाला, "ये तो माँ के पेट से सीखके आई है." त्यात फारसं खोटं नव्हतं. फ्रॉक घालायच्या वयापासून ती आईशेजारी बसून तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहीत होती. वारली बाई चौक काढत नाही, लिहिते.

आई गेली तेव्हा धाकटी बहीण योगिता दोन वर्षांची होती. फागीनंच तिला कडेवर वाढवलं, आश्रमशाळेत घातलं, आणि एक गोष्ट पहिल्यापासून बोलून ठेवली, "तुझ्या लग्नाचा चौक मीच लिहीन." लग्नाचा चौक ही काही शोभेची वस्तू नव्हे. ज्यांचे नवरे जिवंत आहेत अशा सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तो लिहितात. मधे पालघट देवी, भोवती फणी, घोडा, सूर्य, चंद्र. लिहून झाला की त्यावर कापड टाकतात, आणि भगत देवीला बोलावून ते काढीपर्यंत आत कोणी बघत नाही. चौक नाही तर लग्न नाही.

पुढे जव्हारच्या हरेशशेठनं बेकरीत केक सुरू केले आणि फागीला ठाण्याहून बोलावून घेतलं. दिवसभर वीज नसायची, गनला हवा देणारा कॉम्प्रेसर नुसता बघत बसायचा. मग शेठनं ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून आणली, नळी तिला जोडली, आणि फागी त्या हवेवर साहेब लोकांच्या पोरांसाठी मोर, बाहुल्या, क्रिकेटची मैदानं रंगवू लागली. नाव झालं ते बेकरीचं. फागीला कोणी ओळखत नव्हतं, आणि तिचीही काही तक्रार नव्हती.

दोन हजार पाचच्या माघात योगिताचं लग्न ठरलं, होळीनंतरचं. त्याच आठवड्यात एका मोठ्या साहेबांची बदली झाली. निरोपाच्या केकसाठी त्यांच्या मॅडम चौकाचा फोटो घेऊन बेकरीत आल्या.

"अगदी अस्साच हवा. इथली आठवण म्हणून."

फागी म्हणाली, "मॅडम, डोंगर करते, भाताच्या पेंढ्यांची उडवी करते, तारपा फुंकणारा करते. मधली जागा मोकळी सोडते."

"मधे तर सगळी गंमत आहे! देवीच नाही तर कसला चौक?" मॅडम हसल्या. शेठनं डोळे वटारले.

फागी नाही म्हणू शकली असती. नोकरी गेली असती, पण जगली असती. याआधी काय उपाशी मेली होती? तिनं मनाशी हिशेब मांडला, की भगतानं बोलावल्याशिवाय देवी येत नाही, म्हणजे हे नुसतं क्रीम. हा हिशेब खोटा नव्हता, पण खरं कारण वेगळं होतं. तिच्या हातालाच तो चौक लिहायचा होता. कोकोचा तपकिरी रंग तिनं केकवर फवारला तो हुबेहूब गेरूसारखा उतरला, आणि मग तिला थांबवणारं कोणी उरलं नाही. पांढऱ्या रंगानं तिनं फणी लिहिली, घोडा लिहिला, आणि देवी अशी लिहिली की पाड्यावरच्या भिंतीवरही कधी उतरली नव्हती.

केक खोक्यात मावेना. तिनं ट्रेच्या चार कोपऱ्यांना काड्या रोवल्या आणि त्यांच्यावर आपला नवा टॉवेल ताणला, धूळ बसू नये म्हणून. निदान ती पुढे तसं सांगायची.

बंगल्यावर मॅडम म्हणाल्या, "फागी, तूच उघड." तिनं टॉवेल काढला. टाळ्या पडल्या. साहेबांनी सुरी घातली ती बरोबर मधोमध, देवीच्या डोक्यातून. पहिला नाही, दुसरा घास मॅडमनी मोठ्या मायेनं फागीच्या तोंडात भरवला. घोड्याचे पाय होते त्यावर. फागीनं ते खाल्लं. चार लोकांत थुंकणार कुठे?

तिथे भांडी घासायला पाड्यावरचीच लाडकी होती. मग काय, बातमी फागीच्या जीपच्या आधी सूर्यमाळला पोचली.

लग्नाआधी फागी पीठ भिजवायला गेली तेव्हा म्हाताऱ्या गंगीनं वाटी बाजूला सरकवली. गंगी धवलेरी, लग्नं लावणारी, गाणी म्हणणारी. तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"तुझा हात भिंतीला नको, फागे."

"नुसता रंग होता गं आत्या. देवी बोलावली नव्हती कोणी."

"चित्र केलास, तं केलास. मंग झाकलास कशाला?"

फागी वाटी परत आपल्याकडे ओढू लागली. गंगीनं ती धरून ठेवली.

"झाकलास, म्हणजे तुला ठावं होता आत कोण हाय. उघडलास बी तूच. मंग कापून खाल्लास."

"कोंबडी देते. सांगशील तो दंड देते."

"दंड चोरीला असतो," गंगी म्हणाली आणि पिठात काडी बुडवून दुसरीला दिली.

फागीला वाटलं, योगिता तरी बोलेल. योगिता आली, खाली बघत म्हणाली, "ताई, त्यांच्या घरचे म्हणतात फोटोसाठी केक पाहिजे. केक तरी तूच कर ना." ज्या हाताला भिंत वर्ज्य, त्याचा केक मात्र चालत होता! दुसऱ्या दिवशी फागीनं केक केला. गुलाबाचा.

लग्नात कापड उघडलं. फागीला भिंतीजवळ जायची बंदी होती, तिनं मांडवाच्या कडेवरूनच पाहिलं. देवी वाकडी झाली होती आणि फणीचे दात लिहायचे राहून गेले होते. तिची बोटं आपोआप मिटली. तीन रेघांचं काम होतं, दुसरं काही नाही.

मग केक कापला गेला. लाडकीनं दोन तुकडे खाल्ले. गंगीनंही एक मागून घेतला, आणि खाताना तिची जीभ लालभडक झाली.

"गोड केलास हां, फागे," ती म्हणाली, अगदी मनापासून.

फागीनं सुरी लुगड्याला पुसली आणि पुढचा तुकडा कापला.