भावाचा श्रावण

उल्हासनगरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगचा स्लॅब भरदुपारी कोसळला. मी मुलीला घेऊन माहेरीच राहत होते, पण त्या वेळी आम्ही सगळ्या बाहेर होतो. धाकटा भाऊ तेवढा घरी होता. त्याने तिघांना ढिगाऱ्यातून ओढून काढलं. शेजारच्या काकू निघेनात. फायर ब्रिगेड येईपर्यंत त्याने त्यांचा हात धरून ठेवला होता. तो हात कधी थंड पडला, हे भावाला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आम्ही बदलापूरला खरवईत भाड्याने राहायला आलो आणि तो प्यायला लागला. आई नशिबाला बोल लावायची, मी त्याला. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. "काकू सुटल्या, तू आम्हाला जिवंतपणी मारतोयस," असंही मी एकदा बोलून गेले.

आमच्याकडे श्रावण कडक. त्या वर्षी तो आपणहून म्हणाला, "आई, महिनाभर हात लावणार नाही." आईने देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, सुटलो.

पाचव्या दिवशी त्याने झाडू उलटा धरला आणि दांड्याने छत ठोकू लागला. कुठे पोकळ वाजतंय ते कान देऊन ऐकायचा. "झालं का इन्स्पेक्शन, साहेब?" मी चेष्टा केली. तो हसला नाही. मग माझ्या मुलीला तो टेबलाखाली जेवायला बसवू लागला. वरच्या घरात कुणी खुर्ची सरकवली तरी तिला उचलून जिन्यात पळायचा. पोर घास हातात धरून रडायची. इतके दिवस दारूने हे सगळं झाकून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

बाराव्या दिवशी आई देवळात गेल्यावर मीच क्वार्टर आणली. ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला.

"ताई, श्रावण आहे."

"पी गप. पोरीला जरा शांत जेवू दे."

तो प्यायला. मुलगी त्या दिवशी पोटभर जेवली.

आईला वास आला. "एक महिना निभला नाही तुला," ती म्हणाली. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही भाजी ढवळत राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

यंदा त्याला अंबरनाथला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. स्लॅबचं त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. दारूचं मात्र खोदून विचारलं. श्रावणात सोडली होती, मग पुन्हा सुरू कशी झाली?

मी शेजारीच बसले होते.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.