डेल्सीचं झाकलेलं भांडं

डेल्सी स्टिडहॅमची निळी गाडी घळीच्या रस्त्याने वर येताना दिसली की लोक हातातलं काम टाकून बघत राहायचे, ती कुणाच्या दारात थांबते ते. शेजारच्या सीटवर फॉइलने झाकलेलं काचेचं भांडं असलं, तर त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असायचं. भांड्यात नेहमी एकच पदार्थ, दाट रश्शातली कोंबडी आणि वर ओव्हनमध्ये खरपूस झालेले पिठाचे गोळे. केंटकीच्या या डोंगरात मयताच्या घरच्या बाईला कुणी चुलीपाशी उभं राहू देत नाही, शेजारणीच आणून जेवू घालतात. पण सगळ्यांत आधी पोचायचं ते डेल्सीचं भांडं. गेल्या तीस वर्षांत एकदाच पाद्र्याची बायको तिच्या आधी पोचली, तर डेल्सी तिच्याशी ईस्टरपर्यंत धड बोलली नाही.

स्वतःच्या घरी मात्र ती हा पदार्थ कधी टेबलावर मांडायची नाही. करायचा, झाकायचा आणि गाडीत ठेवायचा.

"तीस वर्षं माझ्या नाकाखालून वास जातोय," तिचा नवरा एस्टिल म्हणायचा. "चव घ्यायला मरावं लागेल मला. आणि मेल्यावर तरी कुठे मिळायचंय! तेही तुम्ही बायकाच संपवणार."

"असलं अभद्र बोलू नकोस रे," ती म्हणायची, आणि ते गमतीत म्हणत नसायची. ते भांडं ज्या टेबलावर येतं तिथली एक खुर्ची रिकामी असते, एवढं तिने पाहिलं होतं. आपल्या टेबलावर ते आणायची तिची छाती नव्हती.

सत्त्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. डेल्सी बाहेर दोरीवर चादरी घालत होती, आणि वरच्या खाणीचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी लांबलचक.

ती आत आली तर एस्टिल खुर्चीत ताठ बसला होता. एकवीस वर्षं कोळसा काढून त्याच्या छातीचं पार भुसकट झालेलं, नाकात ऑक्सिजनची नळी. उठून खिडकीपर्यंत जायचं तरी त्याला धाप लागायची.

"खाणीचं छत बसलं," तो म्हणाला.

त्यांचा एकुलता एक मुलगा कर्टिस पहाटे त्याच खाणीत उतरला होता.

थोड्या वेळाने सुनेचा, टॅमीचा, चर्चमधून फोन आला. खाणीत काही झालं की सगळ्यांच्या घरची माणसं तिथेच जमायची आणि कंपनीची माणसंही तिथेच येऊन सांगायची. टॅमीच्या आवाजाला नुसता कंप सुटला होता.

"आई, तिघं पलीकडे अडकलेत. आपला कर्टिस, तो डॅरेल नेपियर आणि म्हातारा ऑर्विल. आवाज येतोय म्हणतात. मग म्हणतात, येत नाही. मला काही कळत नाहीये हो!"

"मी येते."

"आणि बाबांना कोण बघेल? तुम्ही नका येऊ. काही कळलं की मी लावते फोन."

डेल्सीने फोन ठेवला. काय करावं ते सुचेना, तेव्हा जे सवयीचं ते हात आपोआप करायला लागतात, तसं झालं. तिने फ्रीजमधून कोंबडी काढली, मोठ्या पातेल्यात कांदा, गाजर, मिरी घालून शिजत लावली. शिजल्यावर हाडांवरून मांस सोडवलं. बोटं भाजत होती तरी तिला कळत नव्हतं. लोण्यावर पीठ परतून रस्सा दाट केला, काचेच्या भांड्यात ओतला. मग परातीत पीठ, त्यात डुकराची चरबी चोळली, ताक घातलं.

"डेल्सी," एस्टिल दारातून म्हणाला. नळी ओढत तो कसाबसा तिथवर आला होता. "हे कुणासाठी चाललंय?"

तिचे हात पिठात तसेच राहिले.

कुणासाठी? अडकलेले तिघं. त्यांची घरं तीन. त्यातलं एक तिच्याच पोराचं. भोंगा वाजून दोन तास झाले नव्हते, कुणी गेल्याची बातमी नव्हती, आणि ती मयताचं जेवण रांधत बसली होती! तिने ओट्याची कड धरली.

"फेकून देते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता मागच्या ओढ्यात ओतून येते."

"अगं, कोंबडीने काय घोडं मारलंय तुझं? बस जरा."

"मी मुद्दाम नाही केलं रे. खरंच नाही. मला कळलंच नाही."

"मला माहितेय."

ती बसली नाही. आणि मग ती मोठ्याने म्हणाली, हे कर्टिसलाच घालायचं. पोर वर येईल तेव्हा भुकेने कासावीस झालेलं असेल. याच टेबलावर मांडायचं, जिवंत माणसांनी पोटभर खायचं. आजवर आपण घाबरलो म्हणून देव रागावला असेल तर आजपासून घाबरायचं नाही. असा काहीतरी सौदा तिने उभ्या उभ्या देवाशी केला, आणि चमच्याने एक एक गोळा रश्शावर सोडत गेली. ओव्हनचं दार मात्र तिला दोनदा लावावं लागलं.

गोळे फुगायला लागले असतील नसतील, तोच फोन वाजला. तिला तो उचलवेना. ती नुसती बघत राहिली.

"उचल गं!" एस्टिल ओरडला आणि खोकत सुटला. "उचल, बाई, उचल!"

"आई?" कर्टिसचा आवाज. "मी आहे. वर आलोय. हात मोडलाय, बाकी काही नाही."

डेल्सी मटकन खाली बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. ती हसत होती की रडत होती, एस्टिललाही कळेना, म्हणून तो आपला दोन्ही करत होता.

"ऑर्विलही ठीक आहे," कर्टिस म्हणाला. "डॅरेल गेला, आई. माझ्यापासून हातभरावर होता. मी धरलं होतं त्याला."

"अरे देवा," ती म्हणाली. पण त्या क्षणी तिच्या मनात आधी काय आलं असेल? माझा नाही. दुसऱ्याचा गेला, माझा नाही गेला. ते मनात आलं, तिने ते ओळखलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने पदराआड तोंड लपवावं तसं अॅप्रनमध्ये लपवलं.

ओव्हनची घंटी वाजली. गोळे टम्म फुगून सोनेरी झाले होते.

"राहू दे ते इथेच," एस्टिल म्हणाला. "पोराला घाल. तू म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते," डेल्सी म्हणाली, "पण आता घशाखाली उतरेल का ते? डॅरेलची ग्लेना पोर आहे रे अजून. मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. मी नाही गेले तर उद्या तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?"

तिने फॉइल लावलं, टॉवेल गुंडाळला आणि निघाली.

नेपियरांचं घर घळीच्या अगदी टोकाला, एकपदरी पुलापलीकडे. अंगणात डॅरेलचा ट्रक नव्हता, दुसरीही कुणाची गाडी नव्हती. आपणच पहिल्या, असं सवयीने तिच्या मनात येऊन गेलं. त्याच्यापुढे तिने काही विचारच केला नाही. एरवी तिने नक्की केला असता. कुणाचीच गाडी का नाही? निदान पाद्री तरी? पण कर्टिसचा फोन येऊन अर्धा तास उलटला होता, कंपनीची माणसं येऊन सांगून गेली असतील, असं तिने धरून चाललं. ती माणसं तेव्हा चर्चमध्ये ग्लेनाला शोधत होती, आणि बाळाला ताप म्हणून ग्लेना सकाळपासून घरातून हललीच नव्हती.

डेल्सीने दार वाजवलं.

ग्लेनाने दार उघडलं. खांद्यावर बाळ, एका हातात ओलं फडकं. "मावशी! बरं झालं आलीस. कुणी काही सांगेना गं. आमचा फोन तर महिनाभर बंदच आहे. कर्टिसचं काही..."

मग तिची नजर खाली आली.

फॉइलवर. टॉवेलवर. भांड्याला धरलेल्या डेल्सीच्या हातांवर.

या पोरीला माहीतच नव्हतं. तिला सांगणारं इथे दुसरं कुणी नव्हतं, आणि भांड्याने ते सांगूनही टाकलं होतं.

"परत ने," ग्लेना म्हणाली. आवाज अगदी साधा, एखादी वस्तू चुकून आली म्हणून सांगावं तसा. "मावशी, गाडीत ठेव ते. मी काही बघितलं नाही."

"ग्लेना, बाळा..."

"ठेव म्हणते ना गाडीत! मी बघितलंच नाही! तू आलीच नाहीस!" आणि तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

डेल्सी ओसरीवर उभी राहिली. टॉवेलमधून भांड्याचा चटका बसत होता. पळून जावं, असं तिला वाटलं. गाडीत बसावं, पुलापलीकडे जाऊन थांबावं, पाद्री येईल, कंपनीचा माणूस येईल, त्यांना सांगू द्यावं. आयुष्यात तिला कशाची भीती वाटली नसेल इतकी त्या बंद दाराची वाटली. तीस वर्षं ती असल्या दारांत गेली होती, आणि तीस वर्षांत तिने ते शब्द एकदाही उच्चारले नव्हते. प्रत्येक वेळी कुणीतरी आधी बोलून गेलेलं असायचं. ती नुसतं भांडं पुढे करायची.

पुलाकडे तिने पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

ती पायऱ्या उतरली. पोरीने सांगितलं होतं तसं भांडं तिने गाडीत ठेवलं, वर टॉवेल टाकला, दार लोटलं. अॅप्रनला हात पुसले. आत बाळ रडायला लागलं होतं, आणि त्याला कुणी उगी करत नव्हतं.

मग ती रिकाम्या हातांनी परत वर आली आणि तिने दार वाजवलं.